काळा इथे काय खेळतो?

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. मंदाताईंना यंदा सांगितलं — पण अर्धंच. आणि अर्धं सांगून झाल्यावर उरलेलं अर्धं जास्त टोचतं, हे मला माहीत नव्हतं.

तुम्हाला बुद्धिबळ येत नसेल तरी चालेल. कॉम्प्युटरचं काही कळत नसेल तरी चालेल. लागेल तेवढं मी सांगत जातो. खरं तर या दोन्हींतलं काही न कळणाऱ्या माणसालाच सांगणं बरं. कळणारा लगेच म्हणतो — अरे, ही चूक त्या काळी सगळ्यांकडूनच व्हायची. मला ते ऐकायचं नाहीये. चूक सगळ्यांकडून झाली असेल. तिच्यानंतरचं जे आहे, ते माझं एकट्याचं.

भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत मंदाताईंचं लेडीज टेलरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, दोन मशिनी आणि एक उभा आरसा. मूळच्या रत्नागिरीकडच्या. शाळा सातवीपर्यंत. मोठ्या भावाने लहानपणी बुद्धिबळ शिकवलं. भाऊ लवकर गेला, खेळ राहिला. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मापात बसला नाही कुणी."

त्या डाव फारसे खेळायच्या नाहीत. त्या कूटं रचायच्या. कूट म्हणजे — पटावर मोजकी मोहरी मांडायची आणि खाली लिहायचं, 'पांढऱ्याची चाल, पांढरा जिंकतो.' कसा जिंकतो ते सोडवणाऱ्याने शोधायचं. मार्ग एकच हवा. दुसरा निघाला तर कूट बाद. आणि मुळात पांढरा जिंकतच नसेल — तर मग रचणाऱ्याचं हसं.

एकही मोहरं फालतू नको, हा त्यांचा हट्ट. "एवढ्याशा कापडात बसवायचं रे," म्हणायच्या. "चिंधी उरली तर कापणाऱ्याची चूक." त्यांची एक जाड वही होती, मापांची. पुढून गिऱ्हाइकांची मापं — छाती, कंबर, बाही, गळा मागून किती खोल. मागून उलटी उघडली की पट. पेन्सिलीने आखलेले, घराघरांत रा, उं, घो, प्या अशी अक्षरं. दोन्ही बाजूंनी भरत येणारी वही. मधली कोरी पानं दर वर्षी कमी होत होती.

मी तेव्हा अठ्ठावीसचा. गोडदेवला भाड्याच्या खोलीत राहायचो, एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचो, आणि उरलेल्या वेळात बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहायचो. असे लोक तेव्हा जगभर होते. इंटरनेटवर आमचा एक मंच होता, तिथे आम्ही एकमेकांना आपापल्या युक्त्या सांगायचो, थोडी फुशारकी मारायचो. माझ्या शेजाऱ्यांना मी काय करतो ते कळत नव्हतं. त्या मंचावर कळायचं. हे लक्षात ठेवा — मला तिथल्या शाबासकीची भूक होती.

आता थोडं तंत्र.

प्रोग्रॅम विचार करत नाही, शोधतो. ही चाल, तिला उत्तर म्हणून या तीस चाली, त्या प्रत्येकीला आणखी तीस. फांदीला फांदी फुटत जाते. पाच-सहा चालींतच झाड एवढं होतं की कुठलंही यंत्र ते पुरतं पाहू शकत नाही. मग छाटणी करावी लागते. सगळं कसब त्या छाटणीत — काय पाहायचं यात नाही, काय पाहायचं *नाही* यात.

छाटणीची एक युक्ती मला फार आवडायची. इंग्रजीत तिला नल मूव्ह म्हणतात. मी रिकामी चाल म्हणायचो. प्रोग्रॅम स्वतःशी म्हणतो — समजा, मी माझी पाळी सोडून दिली. हललोच नाही. समोरच्याला लागोपाठ दोन चाली मिळाल्या. आणि तरीही माझं काही बिघडत नसेल, तर ही जागा माझ्यासाठी एवढी चांगली आहे की इथे आणखी खोदायची गरजच नाही. छाट फांदी, चल पुढे. या एका युक्तीने माझा प्रोग्रॅम दोन-तीन चाली जास्त खोल पाहायला लागला.

पण खऱ्या बुद्धिबळात पाळी सोडता येत नाही. आणि अशा काही जागा असतात की जिथे गप्प बसता आलं असतं तर माणूस वाचला असता — पण गप्प बसता येत नाही. चालावंच लागतं, आणि जी चालाल तिने मराल. मंदाताई त्याला कोंडी म्हणायच्या. अशा जागी रिकामी चाल फसते. प्रोग्रॅमला वाटतं, गप्प बसलो तर ठीक आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकी माहीत होतं. कोंडी बहुतेक वेळा फक्त राजे आणि प्यादी उरल्यावर येते, म्हणून तेवढ्यापुरती मी ती युक्ती बंद करून ठेवली होती. बाजूला एखादा घोडा किंवा उंट जरी असला तरी ती चालू. मला वाटलं, पुरे.

मंदाताई त्या वेळी एका कुटावर अकरा वर्षं काम करत होत्या. अकरा. शेवटची स्थिती अशी — काळ्याचा घोडा पटाच्या काठावर. त्याला जायला चार घरं, आणि चारही घरांवर पांढऱ्याच्या एकट्या उंटाची नजर. काळ्याची प्यादी अडलेली. काळा राजा एका घराची राखण करत उभा. तो हलला की पांढरा राजा आत. घोडा हलला की मेला. काळ्याची पाळी. पूर्ण कोंडी. तिथपर्यंत नेणारा रस्ता इतका अरुंद की पांढऱ्याने एक चाल इकडची तिकडे केली तर काळा सुटतो. ते कूट त्यांनी परदेशातल्या एका मासिकाच्या रचनास्पर्धेला पाठवलं. इंग्रजी पत्र मीच टाइप करून दिलं.

आम्ही दहा-बारा जण रविवारी सकाळी पश्चिमेच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचो. पत्र पाठवल्यानंतरच्या रविवारी मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन गेलो. आणि मीच म्हणालो — त्यांनी मागितलं नव्हतं — "ताई, तुमचं कूट माझ्या प्रोग्रॅमला दाखवू?"

"दाखव की," त्या म्हणाल्या. "त्यालाही घाम फुटू दे."

घाम फुटला नाही. स्क्रीनवर आकडा आला शून्य. म्हणजे बरोबरी. पांढरा जिंकत नाही.

"परत लाव."

परत लावलं. जास्त वेळ दिला. शून्य.

सगळे भोवती जमले होते. मंदाताई चष्मा वर करून स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. आकड्याखाली प्रोग्रॅमला दिसलेल्या चालींची ओळ असते. ती त्यांनी बोट ठेवून वाचली. चालींची अक्षरं-आकडे त्यांना येत होते. ओळ बरोबर त्यांच्या कोंडीपाशी आली आणि तिथे संपली.

"इथवर माझंच आहे," त्या म्हणाल्या. "मग पुढे? काळा इथे काय खेळतो?"

आज मी शपथेवर सांगू शकतो की त्या खोलीत त्या सकाळी विचारला गेलेला एकमेव शहाणा प्रश्न तो होता. ओळ तिथे का तुटली? कारण तिथे प्रोग्रॅमकडे चालच नव्हती. त्याने पाळी सोडून दिली होती, आणि सोडलेली पाळी ओळीत लिहिता येत नाही. मी एवढंच करायला हवं होतं — ती शेवटची स्थिती वेगळी मांडायची, काळ्याची पाळी द्यायची आणि विचारायचं, खेळ. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी म्हणालो, "पुढचं खोल आहे, ताई. ते दाखवत नाही."

"दाखवत नाही म्हणजे? चाल आहे तर दिसेल ना. काळा काय खेळतो तेवढं सांग."

"ताई, त्याने लाखो चाली पाहिल्यात. तुम्ही किती पाहिल्यात?"

कुणीतरी हसलं. मग गोडदेवचे पाटीलकाका — मनाने चांगला माणूस, पण गर्दी दिसली की जीभ सुटायची — म्हणाले, "मशिनीशी काय भांडतंस मंदे? ती काय ब्लाउजची शिवन हाय का, उसवून बघाला? न्हाय जमला तं न्हाय जमला."

सगळे हसले. मीही हसलो. पाटीलकाकांचं सोडा, त्यांना काही कळत नव्हतं. मला कळायला हवं होतं, आणि मी हसलो. मंदाताईंनीही थोडं हसून घेतलं — माणूस घेतो तसं — आणि चष्मा खाली केला.

दोन दिवसांनी त्यांनी मला दुकानात बोलावून दुसरं पत्र टाइप करायला सांगितलं. 'माझ्या रचनेत मला दोष आढळला आहे. कृपया ती स्पर्धेतून काढून टाकावी.' मी ते इंग्रजीत लिहिलं. त्यांनी खाली मराठीत सही केली — मंदाकिनी, नीट वळणदार. मशीनवर बसलेली बाई थांबून बघत होती. मंदाताई तिला म्हणाल्या, "याने वाचवलं गं मला. छापून आल्यावर कुणी चूक काढली असती तर तोंड दाखवायला जागा नव्हती."

इथपर्यंत चूक म्हणू. उद्धट चूक, पण चूक.

तीन आठवड्यांनी एका सुट्टीच्या सकाळी मी प्रोग्रॅम तपासत बसलो होतो. काहीतरी खटकत होतं. त्यांचाच प्रश्न असणार — काळा इथे काय खेळतो? मी ती शेवटची स्थिती मांडली, काळ्याची पाळी दिली. समोर मांडलेल्या पहिल्याच स्थितीत प्रोग्रॅमला पाळी सोडता येत नाही. त्याला चाल द्यावीच लागते. त्याने राजा हलवला. खाली आकडा आला — पांढरा जिंकतो. मी घोडा हलवून पाहिला. पांढरा जिंकतो. मग सुरुवातीची स्थिती मांडून रिकामी चाल पूर्ण बंद केली आणि पुन्हा शोधायला लावलं. बराच वेळ घेतला. पांढरा जिंकतो. मार्ग एकच. मंदाताईंचाच.

स्पर्धेची मुदत संपायला अजून दीड-दोन महिने होते. तिसरं पत्र लिहिता आलं असतं. माझ्या खोलीपासून त्यांचं दुकान, स्टेशनचा पूल ओलांडून, चालत पंचवीस मिनिटं.

मी गेलो नाही.

का नाही गेलो? याची उत्तरं मी इतक्या वर्षांत पुष्कळ तयार केली. लाज वाटली. त्या हसण्याची लाज — ज्या लोकांसमोर हसलो त्यांच्यासमोर परत उभं राहून 'मंदाताईंचं बरोबर होतं, गाढव मी होतो' म्हणायची लाज. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. मग मुदत संपली, आणि आता सांगून काय उपयोग असं म्हणायची सोय झाली. पण हे सगळं खरं असलं तरी पुरं नाही. दुसरंही एक कारण होतं. त्यावर मी येणार आहे — येतोय. थोडं थांबा.

मंदाताईंनी त्यानंतर नवं कूट रचलं नाही. डोळे दुखतात म्हणाल्या. रविवारी येणं कमी झालं, मग बंद झालं. माझ्यावर मात्र माया वाढली. दिवाळीला शंकरपाळ्यांचा डबा. माझं लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या शालूवरचा ब्लाउज त्यांनी स्वतः शिवला, कारागिराला हात लावू दिला नाही. दुकानात मारवाडी गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी मला पुढे करून सांगायच्या, "ये लडका है ना, इसने मेरी इज्जत बचायी." ती बाई फॉल-बीडिंगच्या साड्या मांडीवर धरून माझ्याकडे कौतुकाने बघायची. मी मान खाली घालायचो. त्यांना वाटायचं, विनय आहे.

सहा वर्षं अशी गेली. मग एक दिवस त्यांचा फोन आला — "संजू, जरा येऊन जा. काहीतरी दाखवायचंय."

एका जुन्या खेळाडूने वाचनालयाला परदेशी बुद्धिबळ मासिकांचा गठ्ठा दिला होता. मंदाताई तो चाळत होत्या; पट वाचायला भाषा लागत नाही. एका पानावर त्यांना ती दिसली. काठावरचा घोडा, चार घरं, उंट. आरशात पाहिल्यासारखी — डावीकडचं उजवीकडे — पण तीच कोंडी. युरोपातल्या कुणा गृहस्थाची रचना, बक्षीस मिळालेली. वाचनालयाला विचारून त्यांनी ते पान कापून आणलं होतं. कापडाच्या कात्रीने, सरळ रेषेत.

त्या चिडल्या नव्हत्या. तेच सोसत नाही. चेहरा उजळला होता. म्हणाल्या, "बघ, कुणाला तरी जमलं! म्हणजे कल्पना खोटी नव्हती रे. माझंच मांडताना कुठे चुकलं, ते यावरून सांगता येईल का तुला? आता तर तुझी मशिनं सुधारली असतील."

मी ते पान हातात धरून उभा राहिलो. सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. एक वाक्य — ताई, तुमच्यातही चूक नव्हती.

मी म्हणालो, "यांचं प्यादं एक घर पुढे आहे, ताई. तेवढ्याने फरक पडतो."

प्यादं खरंच एक घर पुढे होतं. पण त्याने काहीएक फरक पडत नव्हता. मी ते त्या क्षणी, त्यांच्या डोळ्यांत बघत, बनवलं. त्यांनी मान हलवली. "एक घर," म्हणाल्या. "बघ हं. एका घराने घात." मग त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि मी तिचंही उत्तर दिलं. ते शेवटी.

नंतर मी मीरा रोडला शांती नगरला राहायला आलो. नोकरी बदलली. आता दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम आहे. त्याचे मला चांगले शेरे मिळतात. माझा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम कधीच बंद पडला. आज फोनवरचं फुकटचं अ‍ॅपही मंदाताईंचं कूट पाणी पिता पिता सोडवेल. पण ते कुणी फोनवर मांडलंच नाही — ते कुणाला माहीतच नव्हतं. बाद झालेलं कूट कोण बघतं?

यंदा त्यांची भाची रेश्मा हिचा फोन आला. दुकान कधीच बंद झालंय, मंदाताई तिच्याकडेच राहतात, पश्चिमेलाच. डोळे जवळजवळ गेलेत. म्हणाली, "काका, मावशी तुमची आठवण काढते. पटावर सोबत बसायला कुणी नाही तिला."

गेलो. त्या खुर्चीत बसल्या होत्या, समोर पट, मोहरी बोटांनी चाचपत. मला म्हणाल्या, "आलास? मांड. तेच मांड." कुठलं ते विचारावं लागलं नाही. मी मांडलं. त्यांनी एकेका मोहऱ्यावर हात ठेवून खात्री केली आणि चाली सांगायला लागल्या. मी हलवत गेलो. एकही चाल न अडखळता आम्ही कोंडीपाशी पोचलो. आणि त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, रोज स्वतःला विचारत असल्यासारख्या —

"हं. काळा इथे काय खेळतो?"

"काही नाही, ताई," मी म्हणालो. "काळ्याकडे चाल नाही. तुमचं बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं. माझ्या प्रोग्रॅमची चूक होती, आणि ती मला तीन आठवड्यांत कळली होती."

त्यांचं बोट घोड्यावर गेलं. तिथून एका घरावर, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. प्रत्येक घरावरून उंटापर्यंत त्यांनी बोट नेलं. मग राजा. मग प्यादी. सगळं तपासून झाल्यावर हात मांडीवर ठेवला.

"रेश्मा," त्या म्हणाल्या, "वही आण गं."

मापांची वही. मागून उघडली. मधली पानं आता कोरी नव्हती. पानामागून पान तेच कूट. त्यांच्या सांगण्यावरून रेश्माने शाळेत असल्यापासून आखलेले पट, त्याआधीचे त्यांनी स्वतः आखलेले. प्रत्येकात एक प्यादं एक घर पुढे, किंवा मागे, किंवा शेजारी. आणि बहुतेक पानांच्या खाली एकच ओळ — 'चूक सापडत नाही.' 

"आणि ते प्यादं?" त्यांनी विचारलं. "एक घर पुढे. ते?"

"ते मी बनवून सांगितलं होतं."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, रेश्मा उठली नाही.

"शिवण उसवत बसले मी, मेल्या," मंदाताई म्हणाल्या. "चांगली शिवण." 

मग हाताने चाचपून त्यांनी वही मिटली. मिटताना आतून एक कागद घसरून खाली पडला. ते कात्रण. रेश्माने उचललं, न बघता वहीत घातलं. ती इंग्रजी शाळेत शिकलेली आहे. एक नजर टाकली असती तर —

"चहा झाला ना तुझा?" मंदाताई म्हणाल्या. "मग ये आता."

मी आलो. त्यानंतर गेलेलो नाही, बोलावणं नाही.

आता ते दुसरं कारण. जे त्यांना सांगितलं नाही.

ज्या सुट्टीच्या सकाळी मला चूक कळली, त्याच दुपारी मी त्यांची ती शेवटची स्थिती आमच्या मंचावर टाकली. 'घोडा असतानाही रिकामी चाल फसते — हे पाहा.' त्यांच्या दुकानात जायला मला पंचवीस मिनिटं नव्हती. मंचावर लिहायला दीड तास होता. फार कौतुक झालं. दोन-तीन नावाजलेल्या प्रोग्रॅमरांनी तीच स्थिती घेऊन आपापले प्रोग्रॅम तपासले. आणि युरोपातल्या एका गृहस्थाने लिहिलं — मी प्रोग्रॅमर नाही, कूटं रचतो, ही कोंडी अप्रतिम आहे, कुणाची आहे?

त्याने विचारलं होतं. कुणाची आहे, असं स्पष्ट विचारलं होतं.

मी लिहिलं, 'माझा प्रोग्रॅम तपासताना मला सापडली.'

तेव्हा मी गप्प राहिलो ते लाजेने नव्हे, किंवा नुसत्या लाजेने नव्हे. मंदाताईंना सांगितलं असतं तर त्यांनी कूट पुन्हा स्पर्धेला पाठवलं असतं, ते छापून आलं असतं, आणि मंचावरच्या लोकांना कळलं असतं की ते मला सापडलेलं नव्हतं. चार कौतुकाच्या ओळींसाठी. त्या ओळी लिहिणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मी आजवर पाहिलेला नाही.

सहा वर्षांनी मंदाताईंनी ते पान माझ्या हातात दिलं तेव्हा रचनेवरचं नाव मी लगेच ओळखलं. तोच गृहस्थ. त्याने चोरी केली नव्हती. पटाखाली बारीक अक्षरांत कल्पना कुठून घेतली ते लिहिलं होतं. मंदाताईंनी प्यादं पाहून झाल्यावर त्या ओळीवर बोट ठेवलं. तेव्हा डोळे चांगले होते. दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं इंग्रजी त्यांना येत होतं. म्हणाल्या, "हे खाली काय रे? इंडिया लिहिलंय ना?"

मी म्हणालो, "मासिक इंडियातही मिळतं, ताई. तेवढंच आहे."

हे छापून आलं तर रेश्मा त्यांना वाचून दाखवेल. ते मला माहीत आहे. त्यांच्यासमोर बसून सांगायला हवं होतं. तिथे बसलो होतो, कात्रण पायापाशी पडलं होतं, आणि मी सांगितलं नाही. तो मंच आता बंद आहे. जुनी पानं उघडतात, वाचता येतात, त्यांत काही बदलता येत नाही. मी पाहून आलो. प्रश्न तिथे आहे, त्याखाली माझं उत्तर आहे.

कात्रणावरची ओळ अशी आहे — 'मूळ कल्पना: इंडियातल्या एका प्रोग्रॅमरने संगणक-बुद्धिबळाच्या मंचावर मांडलेली स्थिती.'

तो प्रोग्रॅमर मी. स्थिती मंदाताईंची.